चित्रे काढून घेताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाने यंदा बालवाडीच्या मुलांसाठी गोष्टींचे एक सचित्र पुस्तक काढावयाचे ठरविले आहे. माझे एक लहानसे पुस्तक गेल्या वर्षी छापून झाले. त्याची चित्रे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका चित्रकार बाईंनी काढली. तो अनुभव आपल्यापुढे मांडावा अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, म्हणून मी उभी आहे. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी लेखणी आणि कुंचला दोन्ही ज्यांच्या हाती आहेत, त्यांची गोष्ट निराळी. आपणांस मात्र दुसऱ्याच्या कुंचल्याचा आधार घ्यावाच लागतो.

स्वतंत्र चित्रकार म्हणजे पगार नाही, रजा नाही. जेवढे काम तेवढे दाम. आमच्या चित्रकार बाई सासूबाईंचे औषधपाणी आणि मुलाची शाळा सांभाळून रात्री दहानंतर चित्राला बसत. पूर्वी एका संस्थेने त्यांना पंचवीस चित्रांबद्दल शाल आणि श्रीफळ दिले होते. त्या हसून म्हणाल्या, "नारळाची चटणी झाली, पण रंगांच्या दुकानाची उधारी तशीच राहिली." ब्लाउज शिवून घेताना आपण मजुरी आधी विचारतो, पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा हिशेब महिन्याला चुकता करतो. मग चित्र म्हटले की "तुम्हाला काय, हा हातचा मळ!" असे का म्हणावे?

आता कामाची रीत सांगते. छापखान्यात मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून त्याच्या घड्या घालतात. १६ पृष्ठांचा असा एक फर्मा होतो. म्हणून मुलांची चित्रपुस्तके पुष्कळदा दोन फर्म्यांची, म्हणजे ३२ पृष्ठांची असतात. नावनिशीची पृष्ठे वजा जाता गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या चौदा-पंधरा जोड्या उरतात. तेव्हा कोणत्या जोडीवर काय घडते हे आधी वाटून घ्यावे.

चित्रकार प्रथम सर्व पानांची कच्ची रेखाटने करतात. आमच्या बाई ती मोबाईलवर पाठवीत. जे सांगायचे ते तेव्हाच सांगावे. पेन्सिलीची रेघ खोडायला क्षण लागतो. रंग चढल्यावर तोच बदल दोन रात्री खातो. आणि मंडळातर्फे बोलणारी व्यक्ती एकच असावी. वीसजणींनी वीस रंगांची लुगडी सुचविली, तर गोष्टीतली आजी नेसणार तरी काय?

माझ्या गोष्टीतली मुलगी दळणाचा डबा घेऊन पिठाच्या गिरणीत जाते. बाई एक सकाळभर गिरणीत जाऊन बसल्या. गिरणीवाल्याच्या पांढऱ्या झालेल्या पापण्या, फिरता पट्टा, डब्यावर ठेवलेली नावाची चिठ्ठी, हे सारे त्यांनी टिपून आणले. पापण्यांविषयी मी एक वाक्य लिहिले होते. चित्र पाहताच ते मी काढून टाकले. चित्र जे दाखविते, ते शब्दांनी पुन्हा कशाला सांगावे?

हे नाते जुनेच आहे. लुईस कॅरोल यांच्या 'अ‍ॅलिस'ची चित्रे जॉन टेनिअल यांनी काढली. १८६५ साली छापून झालेल्या २००० प्रती टेनिअलना पसंत पडल्या नाहीत. चित्रांची छपाई नीट उतरली नव्हती. कॅरोल पदरचे पैसे घालून पुस्तक काढीत होते, तरी त्यांनी ती छपाई मागे घेऊन पुस्तक दुसऱ्या छापखान्यात पुन्हा छापविले. पुढे १८७१ च्या दुसऱ्या भागातला एक प्रसंग टेनिअलच्या सांगण्यावरून गाळलाही. लेखकाने चित्रकाराचे ऐकले म्हणून पुस्तकाचे काही बिघडले नाही.

आता पैशांचे. काम किती, मुदत किती, बदल किती वेळा, मोबदला किती आणि केव्हा, हे सारे कागदावर असावे. आम्ही तिसरा हिस्सा आरंभी, तिसरा कच्ची रेखाटने पसंत झाल्यावर आणि उरलेला चित्रे हाती आल्यावर दिला. काम मध्येच थांबले तर काय, हेही लिहिले. हक्कांचेही स्पष्ट करावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क सोपवायचा तर सहीनिशी लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. पुस्तकातलेच चित्र उद्या मंडळाच्या दिनदर्शिकेवर घ्यायचे असेल, तर तेही आजच विचारावे. ओळखीच्या माणसाशी लेखी व्यवहार करताना आपल्याला संकोच वाटतो. पण त्या कागदामुळेच ओळख टिकते.

आपल्या पुस्तकाच्या अंदाजपत्रकात कागद, छपाई, बांधणी, अगदी प्रकाशन समारंभाच्या चहाचीही रक्कम मी पाहिली. चित्रांसाठी मात्र रकाना कोरा आहे. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत तो भरावा, आणि चित्रकाराचे नाव लेखिकांच्या नावाबरोबर मुखपृष्ठावर छापावे, अशी माझी सूचना आहे. लागल्यास चहाबरोबरचा चिवडा कमी करू. बालवाडीतल्या मुलांना अजून वाचता येत नाही, ती आपले पुस्तक चित्रांतूनच वाचणार आहेत.