एपिसोडवरचं भांडण



व्याख्यानमालेत मालिकांवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण या विषयाला तुमच्या गावाइतकं योग्य गाव मला दुसरं दिसत नाही. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष देशभर हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग फिरते आणि शेवटी दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे हे वाशीम. काव्य आणि काव्यचर्चा यांचा संसार इथे थाटला गेला.

कथा सोडा, इतिहास घ्या. वाकाटक राजघराण्याच्या इथल्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने चौथ्या शतकात प्राकृतात 'हरिविजय' लिहिलं. रुसलेल्या सत्यभामेसाठी कृष्ण स्वर्गातून पारिजात आणतो, ही त्याची कथा. पाचेकशे वर्षांनी काश्मीरचा समीक्षक आनंदवर्धन त्यावर मत देतो: मूळ कथेतला प्रसंग रसाला मारक असेल तर कवीने तो खुशाल बदलावा, कालिदासाने बदलला, सर्वसेनानेही. (तिसरं उदाहरण त्याने स्वतःच्याच काव्याचं दिलंय. समीक्षकसुद्धा माणूसच!)

आता पौराणिक मालिका लागल्यावर तुमच्या घरात काय होतं ते आठवा. आजोबा म्हणतात, "पोथीत असं नाही." नात म्हणते, "पण बघायला छान वाटतंय ना!" हा तोच वाद आहे. त्यात मी नातीच्या बाजूचा. मात्र मालिका छत्रपती संभाजी महाराजांवर असेल आणि कागदपत्रं उपलब्ध असतील, तर मी मुकाट्याने आजोबांकडे सरकतो. काव्याची मोकळीक तिथे तशीच्या तशी चालत नाही.

रोजच्या मालिकांची गोष्ट निराळी. 'माझ्या नवऱ्याची बायको' 2016 ते 2021 चालली. तिची नायिका राधिका नागपूरची, भूमिका अनिता दाते यांची. पुण्या-मुंबईला तिच्या बोलण्याची गंमत वाटली. आपल्याकडे मात्र लगेच परीक्षा सुरू झाली: हे नागपूरचं बोलणं झालं का? आणि वऱ्हाडचं नाहीच ना? पुढचा प्रश्न त्याहून तिखट: "काहून सोसून राहिली व हे इतकं?" मला विचाराल तर त्या मालिकेवरची सर्वांत नेमकी टीका या एका वाक्यात आहे. पात्राच्या वागण्याला कारण पुरेसं दिलेलं नाही, हे आणखी कसं सांगायचं?

वर्तमानपत्रातला परीक्षक बहुधा पहिल्या आठवड्यातले भाग पाहून लिहितो आणि मोकळा होतो. त्यात त्याचा दोष नाही. सिनेमा अडीच तासांत संपतो, मालिका चार-पाच वर्षं चालते. 'चार दिवस सासूचे' तर तीन हजार भागांपलीकडे गेली. एवढं सगळं पाहिलेला समीक्षक कोण? रोज साडेसात-आठला पोळ्या लाटता लाटता पाहणारी बाई. भारनियमनाच्या वर्षांत अर्धा भाग अंधारात गेला की शेजारीण तो सांगायची, आणि सांगता सांगता निकालही देऊन टाकायची. टीआरपीच्या आकड्यात तो निकाल येत नाही. किती माणसं किती वेळ बघत होती एवढंच त्यातून कळतं; ती वैतागून बघत होती की रंगून, ते कळायला सोय नाही.

आणि हो, ही चर्चा टिकायला हवी. 'हरिविजय' आज संपूर्ण मिळत नाही. त्याचं जे काही हाती आहे, ते काव्यशास्त्रकारांनी उदाहरणं म्हणून दिलेल्या गाथांमुळे. वाशीमच्या राजाचं काव्य समीक्षकांनी वाचवलं! मालिकाही अशाच हरवतात. दूरदर्शनच्या जुन्या काळात टेपा पुसून पुन्हा वापरायची रीत होती. 'चिमणराव'चे कितीतरी भाग त्यामुळे आज बघायला मिळत नाहीत. ते ज्यांनी पाहिले, त्यांच्या आठवणीत काय असेल तेवढंच.

म्हणून इथल्या ग्रंथालयाला माझी एक विनंती आहे. एक जाड वही टेबलावर ठेवा. एखादी मालिका संपली की ती पाहिलेल्यांनी तीत आपलं मत लिहावं: काय पटलं, कुठे फसली, कोणाचं काम उत्तम झालं. कारण द्यायचंच, एवढा एकच नियम. आणि लिहा आपल्या वऱ्हाडीतच.