ओझें वाहणाऱ्यांचीं नांवें

सातपुड्याच्या पायथ्याशीं, तापीच्या उत्तरेस तळोदा हें गांव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें खानदेशांतील इमारती लांकडाची मोठी बाजारपेठ होतें. आणि खानदेशांतल्या उत्तम बैलगाड्या तेथेंच घडत असत. अशा गाडीस सुमारें ४० रुपये पडत. गाडी आली कीं जनावराच्या पाठीवरील ओझें उतरतें, आणि तें जनावर हांकणाऱ्याचें कामहि सुटतें. नांव मात्र सुटत नाहीं. धंदा गेल्यावर मागें उरलेल्या अशा कांहीं नांवांचा येथें विचार करावयाचा आहे.

ओझ्याचें जनावर म्हटलें कीं प्रथम खेचर आठवतें. संस्कृतांत त्यास अश्वतर म्हणत. छांदोग्य उपनिषदांत जानश्रुति राजा रैक्वास जें देऊं करतो त्यांत अश्वतरींचा रथ आहे. आणि श्वेताश्वतर या उपनिषदाच्या नांवांतहि पांढरें खेचरच आहे. मराठींतील 'खेचर' या घराण्यांतला नव्हे. तो हिंदी 'खच्चर' या शब्दाचा आप्त. संस्कृत 'खेचर' म्हणजे आकाशांतून संचार करणारा. त्याचा या कष्टाळू प्राण्याशीं संबंध केवळ उच्चाराचा. खेचर हांकणाऱ्यास मराठींत निराळें नांव रूढ झालेलें दिसत नाहीं. 'खेचरवाला' एवढ्यावरच भागलें. कारण उघड आहे. या प्रांतांत लांब पल्ल्याच्या व्यापाराचें ओझें मुख्यतः बैलानें वाहिलें. नांवेंहि बैल हांकणाऱ्यांसच मिळालीं.

त्या बैलाच्या पाठीवर गोणी असे. हा शब्द पाणिनीस ठाऊक होता, आणि इंग्रजांनीं तागाच्या पोत्यास दिलेलें 'गनी' हें नांव त्यापासूनच निघालें. किनाऱ्यावरचें मीठ गोणींत भरून देशावर नेणारा तो लमाण. 'लवण' या शब्दाशीं त्याचें नातें जोडलें जातें. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सतराव्या शतकांत सुरतेहून बऱ्हाणपुरास गेला, तो नवापूर-नंदुरबारच्या वाटेनें. दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचें तो लिहितो. त्या लोकांच्या चार जाती सांगून, एक धान्य वाहते, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी आणि चौथी मीठ, असेंहि त्यानें नमूद केलें आहे. जो जें वाही, त्यावरून त्याची ओळख ठरे. 'लमाण' या नांवाची उपपत्ति त्यामुळें सहज पटते.

'बंजारा' आणि 'वंजारी' या नांवांविषयीं मतभेद आहे. आज हे दोन समाज वेगळे गणले जातात. परंतु नांवांचा उगम शोधतांना दोन्हींचा विचार एकत्र होतो. कोणी तो 'वाणिज्य' या शब्दांत पाहतात, कोणी 'वनचर' या शब्दांत. अंतर थोडें नाहीं. पहिल्या अर्थानें तो माणूस व्यापारी ठरतो, दुसऱ्यानें रानांत भटकणारा. एकाच माणसास पेठेंतून पाहणारा आणि वेशीबाहेरून पाहणारा अशा दोन दृष्टि येथें दिसतात.

शब्दाचा अर्थ ऐकणाऱ्याच्या अनुभवानें कसा बदलतो, याचें दुसरें उदाहरण 'बारगीर' हें होय. फारसींत 'बार' म्हणजे ओझें आणि 'गीर' म्हणजे घेणारा. मूळ अर्थ ओझ्याचें जनावर. मराठी फौजेंत स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. १७४१ नंतरच्या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या, आणि त्याच शब्दाचा 'बर्गी' होऊन तेथील आया मुलांस त्याची भीति घालूं लागल्या.

तांड्यांच्या वांट्यास याहून कठीण दैव आलें. सडका झाल्या, गाड्या वाढल्या. तापीच्या खोऱ्यांतून येणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास नंदुरबारवरून अंमळनेरपर्यंत झाला. हजार बैल महिनाभर जें नेत, तें आगगाडी थोड्या वेळांत नेऊं लागली. ज्यांचें जीवितच वाटेवर होतें, त्यांचें हिंडणें आतां संशयास्पद ठरलें. १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि पुढें या वर्गांतील कित्येक समूह त्याच्या कक्षेंत आले. जन्मानें मिळालेलें नांव हाच पुरावा झाला. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला; महाराष्ट्रांत लमाण व बंजारा यांची गणना विमुक्त जातींत होते. 'विमुक्त' हें नवें नांवहि जुन्या बंधनाची आठवण वाहतेंच.

प्रवासास निघालेल्या एखाद्या कुटुंबाचीं वळकट्या-गाठोडीं पाहून 'हा काय लमाणांचा तांडा!' असें आपण हंसत म्हणतों. तो तांडा अव्यवस्थित नव्हता. त्यास नाईक असे, मुक्काम ठरलेले असत, हजारों बैलांची चंदी-पाण्याची व्यवस्था असे. आणि त्याच्या गोणींतलें मीठ समुद्र न पाहिलेल्या घरांच्या चुलीपर्यंत पोंचत असे. ज्यांचें मीठ पिढ्यानपिढ्या खाल्लें, त्यांचें नांव उच्चारतांना एवढें स्मरण ठेवणें अवघड नाहीं.