लघवीच्या त्रासावरील गोळी : देणाऱ्याने विचारावे, घेणाऱ्याने सांगावे

(सानगडी येथे केलेले भाषण)



आजचा विषय चारचौघांत काढायला संकोच वाटतो असा आहे. पन्नाशी-साठी उलटली की पुष्कळ पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते. ती मूत्राशयाच्या तोंडाशी असते. ती वाढली की लघवीची धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. म्हातारपण म्हणून माणसे सोसत राहतात.

यावर अल्फा ब्लॉकर गटातील गोळ्या देतात. प्राझोसिन, टेराझोसिन, डॉक्साझोसिन या जुन्या. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन या नंतरच्या. या गोळ्या ग्रंथी लहान करीत नाहीत. तेथील स्नायू सैल करून वाट मोकळी करतात. पण तसेच स्नायू रक्तवाहिन्यांतही असतात. तेही सैल झाले की उभे राहताच रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा धोका जुन्या गोळ्यांत जास्त, नंतरच्यांत कमी. पण नाहीच असे नाही.

आमच्या घरचेच सांगतो. आमच्या वडिलांना टेराझोसिनने चांगला आराम पडला. रोवणीच्या दिवसांत गोळ्या संपल्या, दोन आठवडे खंड पडला. नंतर त्यांनी पूर्वीचीच पूर्ण मात्रा घेतली. त्या रात्री लघवीला उठले आणि अंगणात कोसळले. खुब्याचे हाड मोडले. पुन्हा ते बांधीवर गेले नाहीत. ते रक्तदाबाचीही गोळी घेत होते. ते डॉक्टरांनी विचारले नव्हते आणि आम्हीही सांगितले नव्हते.

म्हणून गोळी लिहिण्यापूर्वी रक्तदाब निजवून आणि उभे करून, असा दोनदा मोजावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर जपून राहावे. टेराझोसिन 1 मिलिग्रॅमपासून, झोपतेवेळी सुरू करतात. काही दिवस खंड पडला तर डॉक्टरांना विचारून पुन्हा तेथूनच सुरुवात करावी. टॅमसुलोसिन रोज ठराविक जेवणानंतर घ्यावी. उपाशीपोटी ती रक्तात जास्त चढते. रक्तदाबाच्या किंवा सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या चालू असतील तर लाज न धरता सांगावे. रात्री उठताना आधी खाटेवर बसावे, मग उभे राहावे.

दुसरी गोष्ट मोतीबिंदूची. या गोळ्यांमुळे, विशेषतः टॅमसुलोसिनमुळे, शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यातील बुबुळाचा पडदा ढिला पडतो. अमेरिकेतील डॉ. चँग व डॉ. कॅम्पबेल यांनी 2005 साली हे दाखवून दिले. गोळी बंद केल्यानंतरही हा परिणाम राहू शकतो, म्हणून आपल्या मनाने बंद करून उपयोग नाही. शिबिरात नाव नोंदवतानाच सांगावे. आधी कळले तर डॉक्टर तयारी ठेवतात. शस्त्रक्रिया ठरलेलीच असेल, तर ती होईपर्यंत ही गोळी सुरू न करणे बरे.

लघवीचा प्रत्येक त्रास प्रोस्टेट वाढल्यानेच होतो असेही नाही. रक्त जात असेल, ताप असेल, तर तपासणी आधी. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याची गोळी घेऊ नये. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, हेही ध्यानात ठेवावे. लघवी पूर्ण अडून ओटीपोट फुगले तर गोळीची वाट न पाहता साकोलीचा किंवा भंडाऱ्याचा सरकारी दवाखाना गाठावा. तेथे नळी घालून मोकळे करतात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. आज घरी गेल्यावर आजोबांच्या सगळ्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहा आणि तो कागद त्यांच्या खिशात ठेवा. दवाखान्यात किंवा डोळ्यांच्या शिबिरात जाताना तो आधी दाखवायला सांगा. आमच्या वडिलांच्या खिशात तो कागद नव्हता.