नजर आणि नाडी

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात ठेवलेल्या रुग्णाच्या मनगटावर एक बारीकशी नळी चिकटपट्टीने बसवलेली आपण पाहिली असेल. पाहणाऱ्याला वाटते, सलाइनच असेल. पण ते तसे नाही. सलाइन शिरेत लावतात, ही नळी असते धमनीत. जुन्या शरीरशास्त्राच्या पुस्तकांत शिरेला नीला आणि धमनीला रोहिणी म्हणत. हृदयाकडून जोराने येणारे रक्त ज्या वाटेने जाते, ती ही रोहिणी.

आता तिच्यात नळी घालायची कशाला? दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तर तो काही मिनिटांनी एकदा कळतो. अत्यवस्थ रुग्णाचा दाब मात्र क्षणात ढासळतो. धमनीतली नळी प्रत्येक ठोक्याचा दाब यंत्रावर दाखवते. रक्तातला प्राणवायू तपासायचा तर दर वेळी नवी सुई टोचावी लागत नाही. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने घोड्याच्या धमनीत पितळी नळी घालून रक्त किती उंच चढते ते पाहिले आणि १७३३ साली ती हकीकत छापली. माणसाच्या धमनीत नळी घालण्याची सोपी रीत स्वीडनच्या सेल्डिंगर या डॉक्टरांनी १९५३ साली सांगितली. आधी सुई, सुईतून तार, मग सुई काढून तारेवरून नळी. आजही बहुतेक ठिकाणी याच धर्तीवर काम चालते.

खरी अडचण आहे ती धमनी सापडण्याची. वैद्याने नाडी पाहावी तसे बोट ठेवायचे आणि ठोका लागेल तिथे सुई घालायची, ही परंपरागत पद्धत. धडधाकट माणसात ती चालते. पण वर्षा-दीड वर्षाचे मूल समोर असले म्हणजे? त्याची धमनी जेमतेम एक-दीड मिलिमीटर रुंद. त्यातून मूल फार आजारी असेल, तर बोटाला ठोकाही लागत नाही. सुई एकदा चुकली की धमनी आकसते, भोवती रक्त साकळून सूज येते आणि दुसरा प्रयत्न पहिल्याहून अवघड होतो. म्हणून सगळी मदार पहिल्या प्रयत्नावर.

इथे श्राव्यातीत ध्वनी मदतीला येतो. सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपने झाली, की तो आवाज आपल्या कानाला कळत नाही. सोनोग्राफीच्या या कामातल्या यंत्राची कंपने तर कोटीच्या घरात असतात. त्यांचे प्रतिध्वनी परत येतात आणि पडद्यावर चित्र उमटते. धमनी एखाद्या काळ्या टिकलीसारखी दिसते. किंचित दाबले तर शीर चपटी होते, धमनी मात्र ठोक्याबरोबर उडत राहते.

पण हा पडदा असतो बाजूला! नाशिकच्या तांबट आळीतला कारागीर भांड्यावर ठोके घालताना आठवून पाहा. त्याची नजर हातोडी पडते तिथेच असते. त्याला कुणी म्हणाले, "भांडं समोर ठेवा, पण बघा मात्र डावीकडच्या भिंतीवरच्या चित्राकडे," तर ठोका कुठे पडेल? डॉक्टरांची गत काहीशी अशीच होते. मान वळवून पडदा पाहायचा, पुन्हा हाताकडे पाहायचे, आणि तेवढ्यात हातातले उपकरण केसभर सरकते. मोठ्या माणसात केसभराने बिघडत नाही, तान्ह्या मुलात बिघडते.

यावर उपाय म्हणून स्मार्ट चष्मा आला. सोनोग्राफीचे चित्र चष्म्याच्या काचेतच डोळ्यांसमोर दिसते आणि त्यातून खाली हातही दिसतो. दक्षिण कोरियातील सोल येथे दोन वर्षांखालील ११६ मुलांवर याची पद्धतशीर तुलना झाली. ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. नेहमीचा पडदा वापरला तेव्हा ५८ पैकी ४२ मुलांत पहिल्याच प्रयत्नात नळी बसली. चष्मा वापरला तेव्हा ५८ पैकी ५१ मुलांत. उपद्रवही कमी झाले. तरी एका प्रयोगावरून ब्रह्मवाक्य काढू नये. चष्म्याचे ओझे होते, चित्र क्षणभर मागे पडले तरी हात फसू शकतो. शिवाय चष्मा दाखवतो फक्त. सुई धरणारा हात सरावाचाच लागतो.

मग सुरगाणा-पेठकडून आजारी मूल ज्या रुग्णालयात आणले जाते, तिथे असा चष्मा नसला तर काय करायचे? मला वाटते, या प्रयोगाचे मर्म चष्म्यात नाही, नजर आणि हात एका रेषेत येण्यात आहे. सोनोग्राफीचे यंत्र डॉक्टरांच्या बाजूला न ठेवता खाटेच्या पलीकडे, हाताच्या अगदी समोर ठेवले, तरी बराच लाभ पदरात पडतो. त्याला पैसा लागत नाही, शिस्त लागते. १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे. भूलशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही शिस्त पहिल्या दिवसापासून लागली, तर तिचा लाभ राज्यभर पोचेल.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. चष्मा आला म्हणून सोनोग्राफी यंत्राची नोंदणी टळत नाही. मुलींच्या गर्भाची हत्या थांबावी म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राचा झाला. त्याचा जाच वाटला, तरी तो का करावा लागला हे आपण जाणतोच.

आणि आपल्या घरचे कुणी अशा नळीसह खाटेवर असेल, तर घाबरू नका. तो हात हलू देऊ नका. त्या नळीतून औषध देत नाहीत. धमनीत चुकून औषध गेले तर बोटे गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून तिच्यावर वेगळी खूण करतात. बोटे पांढरी किंवा थंड पडली, नळीपाशी रक्त दिसले, तर संकोच न करता सिस्टरना तत्काळ हाक मारा. यंत्राचा डोळा कितीही तीक्ष्ण असो, उशाशी बसलेल्या माणसाची नजरही तितकीच मोलाची आहे.