मसूर, अंकरी आणि लाख

माघ महिन्यात भोपाळहून विदिशा, रायसेन किंवा सीहोर यांपैकी कोणत्याही वाटेने बाहेर पडले, की काळ्या जमिनीवर गहू, हरभरा आणि मसूर यांचे पट्टे दूरवर पसरलेले दिसतात. मसुराच्या शेतापाशी थांबून जरा निरखून पाहिले, तर त्या नाजूक रोपांत काही उपरी रोपे मिसळलेली आढळतात. पाने तशीच पिसासारखी, अंग तसेच मऊ, फूल तसेच पतंगाच्या आकाराचे. शेतकरी त्यांना अंकरी, तिवडा, जंगली मटर अशा नावांनी ओळखतो. शहरातून आलेल्यास मात्र सारे एकच पीक वाटते. हे साम्य केवळ कुतूहलाचा विषय नाही. माणसाला पांगळे करणाऱ्या एका रोगाचे खरे कारण या साम्यामुळेच कित्येक वर्षे निश्चितपणे हाती लागले नाही.

ही सर्व रोपे वाटाण्याच्या परिवारातली. लिनीयसने १७५३ साली अंकरीला विकिया सटायव्हा आणि तिवड्याला लॅथिरस सटायव्हस ही नावे दिली. तिवडा म्हणजेच हिंदीतली खेसारी आणि विदर्भातली लाख किंवा लाखोळी. मसूर ही तिसऱ्या प्रजातीतली. परंतु अलीकडील आनुवंशिक अभ्यासाने तिचे मूळ विकियाच्या वंशवृक्षातच असल्याचे दाखविले आहे. सख्ख्या-चुलत बहिणींच्या चेहऱ्यांत साम्य असावे, यात नवल ते काय?

असे असले, तरी प्रत्येकीची खूण वेगळी आहे. लाखेचे खोड हातात घेऊन बोटांमध्ये फिरवावे. त्याच्या दोन्ही कडांना पातळ पंखासारख्या पट्ट्या लागतात. तिच्या पानाला बहुधा दलांची एकच जोडी असते आणि ती दले गवताच्या पात्यासारखी लांब व अरुंद असतात. अंकरीच्या पानाला दलांच्या चार ते आठ जोड्या असून दलाचे टोक कापल्यासारखे बोथट असते व त्याच्या मध्यभागी लहानसा काटेरी अग्र दिसतो. पानाच्या शेवटी फाटे फुटलेला ताणा असतो आणि त्याच्या आधाराने ती शेजारच्या रोपावर चढते. मसुरीचा ताणा आखूड आणि बहुधा साधा. ती आपल्या बळावर उभी राहते. जंगली मटरीची तऱ्हा न्यारी. तिच्या वाढलेल्या रोपाला खरी दले नसतातच. पानाच्या बुडाशी असणारी उपपर्णेच मोठी होऊन पानाचे काम करतात.

अंकरीची आणखी एक पक्की खूण उपपर्णावर असते. त्या दातेरी उपपर्णावर एक काळसर ठिपका असतो. ती मधाची ग्रंथी होय. मुंग्या तेथे येऊन थबकतात. फुलांकडे पाहावे, तर अंकरीचे जांभळट गुलाबी फूल पानाच्या बगलेत जवळजवळ देठावाचून बसते. मसुरीचे फिकट फूल बारीक दांडीवर लोंबते. लाखेचे निळे, पांढरे किंवा गुलाबी फूल लांब दांडीवर एकेकटे येते. जंगली मटरीचे फूल पिवळे असते. अंकरीचीच एक धाकटी बहीण आहे. तिची फुले इवलीशी व पांढुरकी असून केसाळ शेंगेत बहुधा दोनच दाणे असतात. मोठ्या अंकरीची शेंग लांब व अरुंद असून तीत आठदहा दाणे सहज सापडतात. लाखेच्या चपट्या शेंगेच्या वरच्या कडेला दोन अरुंद पंख असतात, तर मसुरीची शेंग आखूड आणि एकदोन दाण्यांची.

शेंगा सुकल्या व मळणी झाली, की यांतील बहुतेक खुणा भुशात जातात. उरतो तो दाणा. मसुरीचा दाणा दोन्ही बाजूंनी फुगीर व कडेला पातळ असतो. भिंगाला इंग्रजीत मिळालेले नाव मसुरीच्या लॅटिन नावावरूनच आले आहे. अंकरीचा दाणा गोलसर आणि ठिपकेदार, लाखेचा पाचरीसारखा. परंतु दाणा भरडून त्याचे साल काढले, म्हणजे हीही ओळख पुसते. लाखेची पिवळी डाळ तुरीच्या व हरभऱ्याच्या डाळीत मिसळते आणि अंकरीच्या काही वाणांची नारिंगी डाळ मसुरीच्या डाळीत. ऑस्ट्रेलियात पिकलेल्या अशाच एका वाणाची सोललेली डाळ मसूर म्हणून परदेशी विकली जात असल्याचा प्रश्न १९९२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला गेला. खोडावरील पंख, पानावरील ठिपका, दाण्याचा आकार यांतले काहीही तेव्हा ग्राहकाच्या साहाय्याला येत नाही.

या गोष्टीचे मोल किती, हे भोपाळच्या शेजारच्या सागर प्रांताने फार पूर्वी अनुभवले. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याचा वृत्तान्त दिला आहे. १८२९ साली गारपिटीने, १८३० साली अवर्षणाने आणि १८३१ साली तांबेऱ्यासारख्या रोगाने गव्हाचे पीक बुडाले. शेतात आपोआप उगवलेली तिवडी तेवढी तगली. लोकांनी तीच खाल्ली. १८३३ पासून धडधाकट तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले आणि जे पडले ते पुन्हा सावरले नाहीत. बुद्धी शाबूत, हात शाबूत. चालणे मात्र कायमचे गेले.

दोष कोणाचा? १९२५ साली अँडरसन, हॉवर्ड व सायमनसन यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. यांतले अल्बर्ट हॉवर्ड म्हणजे इंदूरच्या संशोधन संस्थेमुळे माळव्यात नाव झालेले कृषिशास्त्रज्ञ. बाजारातील खेसारीत अंकरीचे दाणे मिसळलेले असतात, हे त्यांनी ध्यानात घेतले. दोन्ही दाणे वेगळे करून त्यांनी प्राण्यांना खाऊ घातले आणि अपराध अंकरीचा असावा, असा निष्कर्ष काढला. दाणे निवडून पाहण्याची त्यांची पद्धत योग्यच होती. पण निकाल टिकला नाही. १९६२ साली शार्लट रेस्लर यांनी अंकरीतून मज्जासंस्थेस अपायकारक असे सायनोअ‍ॅलॅनीन वेगळे केले, तेव्हाही संशय अंकरीवर होताच. अखेर १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व सर्मा यांनी, आणि दिल्लीत मूर्ती, शेषाद्री व वेंकिटसुब्रमण्यन यांनी, खुद्द खेसारीच्या दाण्यात ओडॅप या नावाने आज ओळखले जाणारे विषारी अमिनो आम्ल असल्याचे दाखविले. पांगळेपणाचे कारण लाखेतच होते. अंकरीही निर्दोष नव्हती. मात्र तिचा दोष वेगळा होता.

म्हणून लाखेला शेतातून हद्दपार करावे, असे नाही. पाणी कमी पडो की शेतात साचो, ती तग धरते. तिच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात. अधूनमधून थोडी खाल्ल्याने नव्हे, तर महिनोन् महिने तीच मुख्य अन्न झाल्याने रोग जडतो. म्हणजे तो जितका विषाचा, तितकाच दारिद्र्याचा. हे विष कमी असलेले रतन, प्रतीक व महातिवडा हे वाण निघाले आहेत आणि भोपाळजवळच सीहोर जिल्ह्यातील अमलाहा येथे मसूर, हरभरा व लाख यांवर संशोधन चालते. अंकरीदेखील गुराढोरांना चारा म्हणून उपयोगी पडते. प्रत्येकीला तिची जागा आहे. घात होतो तो एकीच्या जागी दुसरी गेल्याने.

त्यावरचा उपाय फुलांच्या दिवसांतच आहे. मसुरीच्या फिकट फुलांत अंकरीचे जांभळट फूल त्या वेळी दुरूनही उठून दिसते. शेंग धरण्यापूर्वी ते रोप उपटले, तर पुढील वर्षीचे बियाणे शुद्ध राहते. एकदा शेंगा वाळून दाणे पोत्यात गेले, की तेच काम सुपात एकेक दाणा निवडून करावे लागते. आणि गिरणीतून डाळ होऊन बाहेर पडल्यावर ते कोणाच्याच हाती राहत नाही. रोप ओळखावयाचे झाल्यास एका पानावर विसंबू नये. खोड, उपपर्ण, फूल व शेंग अशा चारही खुणा पडताळाव्यात. शेताच्या बांधावर पाच मिनिटे वाकून पाहण्याचे हे काम आहे. घरच्या ताटातील आमटी कशाची आहे, याची खात्री तेथपासूनच सुरू होते.