तिशीचा वायदा



१३ ऑक्टोबर १९०५, शुक्रवार. पॅरिसमधल्या एका टपालपेटीत तीस वर्षांच्या एका गृहस्थाने काही पत्रं टाकली. आईवडिलांना आणि जवळच्या स्नेह्यांना त्याने कळवलं होतं की, या हिवाळ्यापासून आपण वैद्यकीच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसणार आणि डॉक्टर होऊन विषुववृत्ताजवळच्या आफ्रिकेत जाणार.

हे गृहस्थ म्हणजे अल्बर्ट श्वाइट्झर. नशीब काढायला निघालेला हा कुणी होतकरू तरुण नव्हता. स्ट्रासबर्ग विद्यापीठात ते धर्मशास्त्र शिकवत होते, धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या महाविद्यालयाचे प्रमुख होते, सेंट निकोलस चर्चमध्ये उपदेश करत होते. संगीतकार बाखवरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. ऑर्गनवादक म्हणूनही नाव झालं होतं. मांडलेला डाव असा भरात आलेला असताना कुणी उठून जातं का?

सगळे तुटून पडले. त्यांचे संगीतातले गुरू शार्ल-मारी विदोर यांनी तर चांगलंच सुनावलं. सेनापतीनेच खांद्यावर बंदूक टाकून आघाडीच्या रांगेत उभं राहावं, तसा हा प्रकार, असं त्यांचं म्हणणं. वैद्यक शाखेच्या अधिष्ठात्यांना वाटलं, या प्राध्यापकाला आपल्या मनोरुग्ण विभागातल्या सहकाऱ्याकडेच पाठवावं. पण श्वाइट्झर यांना खरं नवल वाटलं ते श्रद्धाळू मंडळींचं. येशूची आज्ञा रविवारी चर्चमध्ये ऐकायची, हे त्यांना पटत होतं. ती ऐकून कुणी सोमवारी चालती नोकरी सोडेल, हे मात्र पचत नव्हतं.

हा निर्णय आदल्या रात्रीत झालेला नव्हता. आल्सासमधल्या गुन्सबाख गावी अल्बर्टचे वडील पाळक होते. शाळकरी वयात एकदा त्याने आपल्यापेक्षा अंगाने मोठ्या मुलाला कुस्तीत लोळवलं. खाली पडलेला तो मुलगा म्हणाला, मलाही तुझ्यासारखं आठवड्यातून दोनदा मांसाचं सूप मिळालं असतं तर मीही जिंकलो असतो. त्या दिवसापासून अल्बर्टला घरचं सूप नकोसं झालं. वडिलांच्या जुन्या कोटातून त्याच्यासाठी नवा कोट बेतला, तर गावातली इतर पोरं असला कोट घालत नाहीत म्हणून तो अंगाला लावून घेईना. कानफटात खाल्ली, तळघरात कोंडून घेतलं, पण हट्ट सोडला नाही.

पुढे १८९६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, सुटीत गुन्सबाखला असताना त्यांनी मनाशी वायदा केला. तिशीपर्यंत विद्या आणि संगीत, त्यानंतर माणसांची प्रत्यक्ष सेवा. जीव राखणं आणि गमावणं याबद्दलच्या येशूच्या वचनाचा अर्थ त्यांनी स्वतःपुरता असा लावला. सेवा कुठे करायची हे ठरलं १९०४ मध्ये. पॅरिसच्या मिशन संस्थेचं मासिक टेबलावर पडलं होतं. ते चाळताना गॅबनमधल्या मिशनला माणसं हवी असल्याचा लेख दिसला. तो वाचून संपवला आणि ते पुन्हा आपल्या कामाला लागले. शोध संपला होता.

डॉक्टर होण्यात सहा-सात वर्षं गेली. परीक्षेची फी भरली ती म्यूनिकच्या संगीत महोत्सवात ऑर्गन वाजवून मिळालेल्या पैशातून. एवढं करून मिशन त्यांना घ्यायला तयार होईना! येशूविषयीची त्यांची मतं संस्थेतल्या कर्मठांना पाखंडी वाटत होती. शेवटी आपण फक्त डॉक्टरकी करू, धर्माबद्दल तोंड उघडणार नाही, असं कबूल करून त्यांनी वाट मोकळी करून घेतली. नावाजलेल्या उपदेशकाने देवाच्या कामासाठी आधी उपदेशावरच पाणी सोडलं. तिथे पोहोचल्यावर मिशनऱ्यांनीच त्यांना या शब्दातून मोकळं केलं, ही गोष्ट निराळी.

मार्च १९१३ मध्ये ते पत्नी हेलेनसह बोर्दोहून बोटीत बसले आणि एप्रिलमध्ये ओगोवे नदीकाठी लांबारेनेला उतरले. पहिला दवाखाना कशात थाटला? कोंबड्यांच्या खुराड्यात. भिंतींना चुना दिला, एक जुनी खाट आत टाकली. छपराला भोकं होती, म्हणून डॉक्टर आत बसूनही डोक्यावर उन्हाची टोपी घालत. दुभाषा जोसेफ पूर्वी स्वयंपाकी होता. रोग्याचं दुखणं तो खाटकाच्या भाषेत सांगायचा : याची तंगडी दुखते, हिच्या डाव्या चापेत कळ येते.

वर्ष-दीड वर्षात महायुद्ध पेटलं. श्वाइट्झर जर्मन प्रजाजन, वसाहत फ्रेंचांची. दोघांना नजरकैद झाली आणि १९१७ मध्ये फ्रान्समधल्या छावणीत नेण्यात आलं. १९२४ मध्ये श्वाइट्झर पुन्हा लांबारेनेला गेले आणि मोडकळीला आलेलं रुग्णालय त्यांनी नव्याने उभं केलं. १९५२ सालचं शांततेचं नोबेल मिळालं, तो पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी लावला. आपल्याकडे सुमती देवस्थळे यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे ते मराठी घरांत पोहोचले.

त्यांच्यावर टीकाही झाली. आफ्रिकी माणसाला ते धाकटा भाऊ मानत, आणि थोरल्याचा हक्क आपल्याकडे ठेवत. वसाहतींचा काळ सरत आला तरी त्यांची ही वडिलकी सुटली नाही.

आपण काय गमावलं, याचा हिशेब त्यांनी स्वतःच मांडला आहे. ऑर्गन, अध्यापन आणि स्वतःच्या कमाईवर जगणं, या तिन्ही गोष्टी सोडल्या असं समजून ते निघाले होते. पण पॅरिसच्या बाख सोसायटीने ऑर्गनसारखे पायपट्टे बसवलेला खास पियानो दिला, विद्यापीठांनी व्याख्यानांना बोलावलं, पुस्तकं आणि मैफलींनी पैसा दिला. बायबलमधल्या, पोटच्या इसहाकाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामासारखं देवाने आपल्याला सोडवलं, असं त्यांना वाटे.

हेलेनचं तसं झालं नाही. स्ट्रासबर्गच्या इतिहासकार प्राध्यापकांची ही मुलगी या कामासाठीच परिचारिका झाली होती. आफ्रिकेने आणि कैदेने तिची प्रकृती ढासळली. १९२४ मध्ये नवरा निघाला तेव्हा पाच वर्षांच्या मुलीला घेऊन ती युरोपात मागे राहिली आणि पुढची बरीच वर्षं संसार पत्रांवर चालला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, ती लिस्बनमार्गे अंगोला गाठून लांबारेनेला येऊन थडकली आणि थकलेल्या परिचारिकांना सुटी मिळावी म्हणून त्यांच्या जागी कामाला उभी राहिली.