स्वागताध्यक्षीय भाषण : यंत्रमागांच्या गावी



पायांच्या फुगलेल्या नसा उष्णतेने बंद करण्याच्या उपचारावरची परिषद मुंबई-पुणे सोडून आमच्या इचलकरंजी गावी भरली, हा आम्हा सर्वांचा मान आहे.

पंचगंगेकाठची ही एके काळची घोरपड्यांची जहागीर. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे, विष्णु दिगंबर पलुस्करांचे गुरू पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी गावाचे नाव देशभर नेले. बुवांचे नाव निदान संगीतवाले तरी घेतात. विठ्ठलराव दातारांचे नाव मात्र आमच्या मुलांनाही ठाऊक नसते, म्हणून या व्यासपीठावरून ते मुद्दाम घेतो. 1904 साली त्यांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. गावात रेल्वे नाही, भोवती कापसाची शेती नाही. तरी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचे प्रोत्साहन आणि दातारांची हिंमत एकत्र आली. दातारांच्या व्यंकटेश रंगतंतू मिलपाठोपाठ गल्लोगल्ली माग खडखडू लागले. आधी नऊवारी लुगडी, मग धोतरे, पुढे पॉपलीन. लोक इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात. माझ्या लेखी हे दातारांचे गाव आहे. त्यांच्या नावाला साजेसे स्मारक व्हावे, ही माझी जुनी इच्छा आहे.

आता परिषदेचा विषय. मी डॉक्टर नाही, कापडवाला आहे. पण मागावरचा कामगार पाळीभर उभा असतो. कांडी बदलतो, तुटलेला धागा सांधतो. असे उभे राहून पायांच्या नसांतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त पायातच साचते, घोट्याजवळची कातडी काळवंडते, जखम भरत नाही. पूर्वी अशी नस ओढून काढत. टाके आणि खाडे आलेच. आता सोनोग्राफीत पाहत नसेत बारीक नळी सरकवतात, भोवतीचा भाग भाजू नये म्हणून भुलीचे गार पाणी भरतात, आणि लेसरने किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीच्या 120 अंशांपर्यंत तापणाऱ्या टोकाने नस आतून मिटवतात. रोगी त्याच दिवशी चालत घरी जातो. रोजावर पोट असलेल्या माणसाला याचे मोल किती, ते आम्ही जाणतो. हा उपचार त्याच्या खिशाला परवडेल, असे काही या दोन दिवसांत ठरावे, ही आग्रहाची विनंती.

व्यवस्थेत उणिवा आहेत. सगळ्यांना पुरतील इतक्या खोल्या गावात मिळाल्या नाहीत. काहींची सोय कोल्हापुरात, काहींची आमच्या घरांत केली आहे. पाण्याचे टँकर सांगून ठेवले आहेत, तरी कुठे खंड पडला तर क्षमा असावी. सभागृहाशेजारचे माग दोन दिवस बंद ठेवणारे मालक, सूत व्यापारी, सायझिंगवाले, भोजनाचा भार उचलणारी मंडळी, सतरंज्या आणि खुर्च्या देणारी तरुण मंडळे, रात्री जागून मंडप उभारणारे कामगार या सर्वांचे ऋण मोठे आहे. कोणाचे नाव राहिले असेल तर त्यांनी राग मानू नये.

उद्या सकाळी मागकामगारांच्या पायांची तपासणी ठेवली आहे. ज्या डॉक्टरांना तासभर देता येईल त्यांनी भोजनमंडपाच्या दाराशी नाव नोंदवावे. आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.